चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळा: मिश्र उजेडातला व्हाइट बॅलन्स कसा सोडवायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच रूपात येते. मंगल कार्यालयात किंवा घरच्या गणपतीला फोटो काढलेले असतात, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते बरे दिसलेले असतात, आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले की नवरीचा एक गाल पिवळाधमक, दुसरा निळसर. पिवळा कमी करायला एडिटिंगमधला टेंपरेचरचा स्लायडर डावीकडे ओढला तर निळसर गाल आजारी दिसायला लागतो. उजवीकडे ओढला तर पिवळा गाल नारिंगी होतो. त्यात लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये मागची भिंत एकदा क्रीम आणि एकदा हिरवट. मग माणूस कॅमेरा बदलायचा विचार करतो, आणि नव्या कॅमेऱ्यातही पुढच्या लग्नसराईत हेच होतं.

यात कॅमेऱ्याचा दोष थोडा. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून सेन्सरवरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या माहितीला लावायचे गुणक, आणि ते सबंध फ्रेमला एकच लागतात. खिडकीच्या उजेडाला एक गुणक हवा, छतातल्या पिवळ्या दिव्याला दुसरा. दोन्ही एकाच वेळी लावता येत नाहीत. म्हणून दोन वेगळ्या रंगांचे दिवे एकाच चेहऱ्यावर पडत असतील तर अचूक असा एक आकडा तिथे नसतोच. हे एकदा पक्कं धरलं की काय शोधायचं ते बदलतं. चेहऱ्यावर कोणता दिवा भारी पडतोय, आणि बाकीच्यांपैकी कोणते बंद करता येतील, झाकता येतील किंवा त्याच रंगाचे करता येतील, ते आधी बघायचं. केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा त्यानंतर: दिव्याचा आकडा लहान तर उजेड पिवळा, मोठा तर निळसर; कॅमेऱ्यावर दिव्यापेक्षा मोठा आकडा ठेवला तर चित्र पिवळं येतं, लहान ठेवला तर निळं.

कुठला दिवा किती केल्विनचा

समई आणि निरांजनाची ज्योत साधारण १९०० केल्विन. वॉर्म व्हाइट म्हणून विकले जाणारे एलईडी २७०० ते ३०००, हॅलोजन ३२०० च्या आसपास, न्यूट्रल व्हाइट ४०००. फ्लॅश ५५०० ते ६०००. आपल्याकडे घरोघरी जी पांढरी ट्यूब आणि बल्ब लागलेले असतात, ज्यांच्या खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं, ते ६५००. श्रावण-भाद्रपदातलं ढगाळ आकाश खिडकीतून आत येतं ते ६५०० ते ७५०० मध्ये कुठेतरी.

हे आकडे पाठ असून भागत नाही, कारण केल्विनची मोजपट्टी डोळ्याला फसवते. २७०० आणि ३००० मध्ये फक्त ३०० चा फरक, पण तो ५५०० आणि ६५०० मधल्या १००० च्या फरकापेक्षा जास्त दिसतो. म्हणून रंगाचं अंतर मायरेडमध्ये मोजतात: दहा लाखाला केल्विनने भागायचं. २७०० चे ३७० मायरेड, ३००० चे ३३३, अंतर ३७. ५५०० चे १८२, ६५०० चे १५४, अंतर २८. याचा रोजचा उपयोग असा. चेहऱ्यावर २८०० चा बल्ब आणि ६५०० ची ट्यूब सारख्याच जोराने पडतेय आणि एकही बंद करता येत नाही, तर बरेच जण सरासरी काढून ४६५० ठेवतात आणि चित्र पिवळं येतं. मायरेडची सरासरी काढली तर उत्तर साधारण ३९०० येतं. मध्यावर राहायचंच असेल तर ते ठिकाण हे. अशा फ्रेममध्ये दोन्ही रंग थोडेथोडे दिसतील आणि कुठलाच डोळ्यात खुपणार नाही.

केल्विन फक्त निळ्या-पिवळ्या दिशेचा हिशेब देतो. दुसरी दिशा हिरव्या-जांभळ्याची, म्हणजे टिंटची. ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी या दुसऱ्या दिशेलाही सरकलेले असतात, आणि ‘केल्विन बरोबर ठेवला तरी चेहरा मेलेला दिसतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. टेंपरेचरशी अर्धा तास झगडण्याआधी टिंट थोडा मजेंटाकडे नेऊन बघा.

तिसरी अडचण कुठल्याच स्लायडरला दाद देत नाही. दिव्याच्या प्रकाशात एखादा रंग मुळातच नसेल तर तो फोटोत आणता येत नाही. खोक्यावर जो सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, छापतात तो पहिल्या आठ नमुना रंगांची सरासरी असतो. गडद लालचा नमुना, ज्याला आर९ म्हणतात, त्यात धरलेलाच नसतो. म्हणून ८० सीआरआयचा दिवासुद्धा कुंकू तपकिरी दाखवू शकतो आणि मरून शालूचा रंग मातकट करू शकतो. आपल्या लग्नात लाल रंग किती महत्त्वाच्या जागी असतो ते बघता ही बारीक बाब नाही. स्वतःचा दिवा विकत घेताना सीआरआय ९५ च्या पुढे आणि आर९ वेगळा छापलेला असेल असाच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

आधी निदान

तीन गोष्टी तपासायला पाच मिनिटं लागतात आणि नंतरचे कितीतरी तास वाचतात.

ज्या जागी चेहरा असणार आहे तिथे ग्रे कार्ड (रंगाची छटा नसलेलं करडं कार्ड) धरा, कॅमेऱ्याकडे तोंड करून एक फोटो घ्या. मग कार्ड डावीकडे वळवून एक, उजवीकडे वळवून एक. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स या वेळी ऑटोवर नको, ५००० वर बांधलेला हवा, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोत स्वतःचं मत घालेल. तिन्ही फोटोंत कार्डाचा रंग सारखाच बिघडलेला असेल तर प्रकाश मिश्र नाही. आकडा चुकलाय, बस, कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे कार्डाच्या फोटोवरून कॅमेऱ्याला रंग ठरवू द्या, आणि कामाला लागा. डावीउजवीकडे रंग वेगळा आला तर प्रकाश मिश्र आहे, आणि कोणत्या बाजूने काय येतंय तेही कळलं.

दुसरं, शटर १/५०० वर ठेवून पाच-सहा फ्रेम सलग मारा. काही न हलवता रंग किंवा उजेड फ्रेमगणिक बदलत असेल तर ती दिव्याच्या लुकलुकण्याची भानगड आहे. तिचा उपाय वेगळा, खाली दिलाय.

तिसरं, दिवे एकेक करून बंद करा. कार्यालयात हे करायला मॅनेजरला किंवा वायरमनला गाठावं लागतं, आणि त्यासाठी वऱ्हाड यायच्या आधी पोचावं लागतं. माझ्या मते मिश्र उजेडाच्या कामात याच्याइतकी फायद्याची दुसरी गोष्ट नाही. एखादी एलईडी पट्टी बंद केल्यावर अचानक सगळं जागेवर येतं, आणि ती पट्टी कुणाला हवीही नसते.

ग्रे कार्डाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याच्याऐवजी लोक हाताशी दिसेल ते पांढरं वापरतात. छपाईच्या कागदात आणि नव्या कापडात उजळपणासाठी रसायनं घातलेली असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. खिडकीजवळ असा कागद निळसर होतो, त्यावरून व्हाइट बॅलन्स घेतला की चित्र पिवळं जातं. अतिनील नसलेल्या एलईडीखाली तोच कागद वेगळा वागतो. आपल्याकडे आणखी एक भर: धुतलेल्या सदऱ्या-धोतरांना नीळ दिलेली असते. गुरुजींच्या धोतरावर ड्रॉपर (एडिटिंगमध्ये ‘हे रंगहीन आहे’ म्हणून दाखवायचं साधन) टेकवून सबंध लग्न पिवळं झालेलं पुष्कळ ठिकाणी बघायला मिळतं. अंतरपाट बहुधा कोऱ्या, पिवळट कापडाचा. त्यावरून घेतला तर चित्र निळ्याकडे जातं. निशिगंध, मोगरा, मखराचा थर्माकोल यांचाही भरवसा नाही. एक साधं प्लॅस्टिकचं ग्रे कार्ड मुंबईत बोरा बाजारात कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतं. वधूवर पाटावर बसायच्या आधी करवलीच्या हातात द्या आणि तिला तिथे उभी करा. कार्ड छताकडे कललेलं नको, चेहरा जिकडे वळणार तिकडे हवं; छताकडे कललं की छताचा दिवा मोजला जातो, चेहऱ्यावरचा नाही.

कार्यालय

दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, कुठलंही कार्यालय घ्या, मांडणी ओळखीची असते. फॉल्स सीलिंगमध्ये वॉर्म डाउनलाइट, कडेने रंग बदलणारी पट्टी, स्टेजवर डेकोरेटरचे पार लाइट (रंगीत झोताचे दिवे), मागे कधी एलईडी वॉल, एका बाजूला पडदे लावलेल्या खिडक्या, आणि या सगळ्यावर व्हिडिओवाल्याचा पॅनल. याच्यात तुम्ही तुमचा फ्लॅश घालता. म्हणजे एका चेहऱ्यावर पाच-सहा जातींचा उजेड.

सुरुवात व्हिडिओवाल्यापासून करा. विधी चालू असताना वधूवरांच्या चेहऱ्यावर सगळ्यांत जोरात त्याचाच दिवा पडतो, त्यामुळे तुमचा व्हाइट बॅलन्स खरं तर तोच ठरवतो. त्याचा पॅनल बहुतेक वेळा दोन्ही रंगांचा असतो, मागच्या बाजूला केल्विनचा खटका असतो, आणि तो मागच्या लग्नात जिथे होता तिथेच राहिलेला असतो. ‘दादा, आपण दोघंही एकाच रंगावर राहू’ एवढंच सांगायचं. त्यालाही ते हवंच असतं. व्हिडिओत मास्क लावून गाल सुधारणं आपल्यापेक्षा त्याला जास्त कठीण. हॉल पिवळा असेल तर त्याचा पॅनल ३२०० वर, तुमच्या फ्लॅशला जेल (समोर लावायचा रंगीत पारदर्शक कागद), आणि दोघांचे कॅमेरे त्याच्याजवळच्या आकड्यावर.

जेलचा हिशेब मायरेडमध्ये सोपा होतो. फ्लॅश ५६०० चा धरला तर १७९ मायरेड. हॉलचे दिवे ३००० चे, म्हणजे ३३३. फरक १५४. ली कंपनीच्या पूर्ण सीटीओ, म्हणजे नारिंगी, जेलचा, क्रमांक २०४ चा, सरकाव, म्हणजे ती रंग जितके मायरेड हलवते तो आकडा, आहे १५९. म्हणजे ती लावली की फ्लॅश जवळजवळ हॉलच्या रंगाचा होतो. प्रकाश त्यात एका स्टॉपला (म्हणजे निम्म्याला) थोडा कमी इतका खर्च होतो, तो आयएसओने भरून काढा. जेल न लावता फ्लॅश मारला की चेहरे बरे येतात आणि मागे बसलेले सगळे पाहुणे नारिंगी होतात. ‘पुढे बरोबर, मागे भट्टी’ या तक्रारीचं कारण हेच.

मी स्वतः लग्नात अर्ध्या सीटीओला, म्हणजे २०५ ला, जास्त मानतो. तिचा सरकाव १०९, फ्लॅश साधारण ३४७० वर येतो. कॅमेरा ३५०० वर ठेवला की चेहरा स्वच्छ राहतो आणि मागचा हॉल किंचित सोनेरी. लग्नाच्या हॉलचा तो सोनेरीपणा पाहुण्यांना प्रत्यक्ष दिसलेला असतो. तो सगळा धुवून टाकला तर फोटो एखाद्या कार्यालयीन बैठकीचा वाटतो.

जेल लावलेला फ्लॅश छतावर बाउन्स करताना छताचा रंग बघा. लाकडी पॅनल किंवा सोनेरी नक्षी असेल तर ती स्वतःचा रंग मिसळते आणि तुमचं गणित फिसकटतं. तिथे छत्री किंवा फ्लॅशवरचं पांढरं कार्ड बरं.

रंग बदलणारी पट्टी आणि जांभळे-निळे पार लाइट यांच्याशी मात्र तडजोड नाही. शुद्ध निळ्या एलईडीत लाल जवळपास शून्य असतं, त्यामुळे चेहऱ्यावरून लाल परत आणायचा कुठून? निळा चॅनल तर आधीच जळालेला, म्हणजे काठोकाठ भरून तपशील गेलेला, असतो. मुहूर्ताच्या वेळी स्टेजवरचे रंगीत दिवे बंद किंवा पांढऱ्यावर ठेवायला डेकोरेटरला आधीच सांगा, आणि हे नवऱ्यामुलाच्या किंवा मुलीच्या घरच्यांकडून सांगवा. तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकलं जातं. संध्याकाळच्या संगीताला हेच दिवे चालतात, तिथे ते शोभतातही.

आता हळद. ऑटो व्हाइट बॅलन्स सगळ्यांत वाईट वागतो तो इथे. फ्रेममध्ये हळद पिवळी, झेंडू पिवळा, कपडे पिवळे. कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो पिवळा काढून टाकायला बघतो. हळद फिकट होते, सावल्या निळ्या होतात, दात आणि डोळ्यांचे पांढरे भाग निळसर दिसतात. कॅननमधला ऑटोचा पांढऱ्याला प्राधान्य देणारा पर्याय किंवा निकॉनमधला पांढरा राखणारा पर्याय निवडलेला असेल तर हे आणखी वाढतं. हळदीला केल्विन हाताने बांधा, एकदाच, ग्रे कार्डावरून, आणि जागा बदलेपर्यंत हात लावू नका. लग्नात नवरीची पिवळी अष्टपुत्रीही असंच करते, शिवाय ती खालून हनुवटीवर पिवळा उजेड उसळवते. तो उसळलेला पिवळा खरा आहे. थोडा राहू द्या.

मंगलाष्टकांच्या वेळी आणखी एक बदल होतो जो सहज सुटतो. अंतरपाट मध्ये असेपर्यंत तो एका बाजूचा उजेड अडवतो आणि दुसऱ्या बाजूचा चेहऱ्यावर परत फेकतो. तो खाली आला की दोघांच्याही चेहऱ्यावरचं दिव्यांचं मिश्रण त्या क्षणी बदलतं. हार घालतानाच्या फ्रेम आधीच्या फ्रेमशी रंगात जुळत नाहीत त्या यामुळे. तिथे सेटिंग बदलत बसायला वेळ नसतो. रॉ मध्ये (सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा आणि एडिटिंगमध्ये हा वेगळा गट धरा.

घरचा गणपती

इथे तुमच्या हातात बरंच असतं, कारण स्विच घरचेच. दिवसा खिडकीतून पावसाळी निळसर उजेड, वर ६५०० ची ट्यूब, मखरात वॉर्म किंवा रंगीत माळा, समोर समई. यांतली ट्यूब आणि खिडकी रंगाने जवळजवळ आहेत, दुसरा गट समई आणि वॉर्म माळांचा. गट दोनच आहेत हे लक्षात आलं की निवड सोपी: दुपारच्या फोटोंना खिडकी ठेवा, वॉर्म माळा कमी करा, कॅमेरा ५५०० च्या पुढे. आरतीच्या फोटोंना पडदे ओढा, ट्यूब बंद, आणि सगळं वॉर्मवर. कॅमेरा २८०० ते ३२०० च्या मध्ये. समईची ज्योत या आकड्यावरही पिवळीच राहील आणि राहायला हवी; १९०० वर जाऊन ज्योत पांढरी करण्यात काही अर्थ नाही.

ट्यूब बंद केल्यावर अंधार पडतो म्हणून घरचे लोक ती पुन्हा लावतात. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे दोन-तीन वॉर्म व्हाइट एलईडी बल्ब जवळ ठेवणं, घरच्या पिनवाल्या होल्डरमध्ये बसणारे. एका बॅचचे, एका कंपनीचे, मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून एकदम घेतलेले. वेगवेगळ्या कंपन्यांचे ३००० एकमेकांशी जुळतीलच असं नाही. घरचा पांढरा बल्ब काढून आपला लावायचा, आरती झाली की परत. आजी-आजोबांना आधी विचारून हे करा, देवाच्या खोलीत परक्या माणसाने खुर्चीवर चढणं सगळ्यांनाच आवडत नाही.

मूर्तीच्या अंगावरून व्हाइट बॅलन्स घेऊ नका. शाडूच्या मूर्तीला कारागिराने दिलेला अंगाचा रंग कधी गुलाबी, कधी पिवळसर, कधी हस्तिदंती असतो, आणि घरच्यांना तो तसाच हवा असतो. ग्रे कार्ड पायाशी ठेवून एक फ्रेम घ्या. लुकलुकणाऱ्या माळांचा कंट्रोलर एका स्थिर स्थितीवर आणा, नाहीतर दर फ्रेमला मखराचा रंग नवा.

चाळीत किंवा जुन्या घरात ऑइलपेंटच्या पोपटी, गुलाबी भिंती असतात. चेहरा भिंतीपासून दोन हात लांब आणा, फ्लॅश त्या भिंतीवर उडवू नका. बाहेर गॅलरीवर निळी ताडपत्री टाकलेली असेल तर तिच्यातून येणारा उजेड निळा दिसतो, पण निळ्या आकाशासारखा तो नसतो. त्यात लाल फारच थोडं शिल्लक राहतं. माणूस पूर्ण ताडपत्रीखाली असेल तर कस्टम व्हाइट बॅलन्सने काही अंशी निभावतं. अर्धा बाहेर असेल तर नाही. एक तर पूर्ण आत घ्या, नाहीतर पूर्ण बाहेर.

वांद्रे-कुर्ला संकुल किंवा लोअर परळच्या ऑफिसांत काचेलाच हिरवट छटा असते. तिथला खिडकीचा उजेड टिंटने मजेंटाकडे न्यावा लागतो, केल्विनने नाही.

फ्रेमगणिक रंग बदलतोय

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/१०० किंवा त्याहून सावकाश असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये किमान एक पूर्ण चक्र येतं आणि रंग स्थिर राहतो. १/५०० वर चक्राचा एक तुकडाच मिळतो. जुन्या चोकच्या ट्यूबमध्ये तर या तुकड्यातुकड्याचा रंगही वेगळा, कारण नळीतले निरनिराळे फॉस्फर (चमकणारे लेप) वेगवेगळ्या वेगाने विझतात. मोठ्या हॉलमध्ये दिवे तीन फेजवर वाटलेले असतात, म्हणून फ्रेमचा डावा भाग एका वेळी मंदावतो आणि उजवा दुसऱ्या वेळी. व्हाइट बॅलन्सला दोष देण्याआधी शटर १/१०० वर आणा. पुष्कळ वेळा प्रश्न तिथेच संपतो.

वेगवान शटर हवंच असेल तर कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर चालू करा. कॅननने २०१४ मध्ये ७डी मार्क टू मध्ये तो आणला आणि आता बऱ्याच कॅमेऱ्यांत मिळतो. दिवा उजळलेला असताना तो शटर सोडतो. स्वस्त ड्रायव्हरच्या एलईडीचा वेग मात्र १०० च्या पलीकडे कुठेही असतो, तिथे त्याचा उपयोग मर्यादित. मिररलेसवाल्यांनी एक पथ्य पाळावं: विधीत आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावला की एलईडीखाली आडवे पट्टे येतात, आणि प्रत्येक पट्ट्याचा रंग वेगळा असू शकतो. ते एडिटिंगमध्ये निघत नाहीत. अशा हॉलमध्ये मेकॅनिकल शटरच वापरा.

फोटो काढून झालेत, आता काय

रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स अजून ठरलेलाच नाही, फाइलमध्ये नुसती नोंद आहे. जेपेगमध्ये गुणक लागून गेलेले असतात आणि जळालेला चॅनल परत येत नाही, म्हणून मिश्र उजेडात जेपेगवर विसंबू नका. एक्सपोजरही जपून: कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपेगवरून बनतो, आणि पिवळ्या दिव्यांखाली लाल चॅनल सगळ्यांत आधी भरतो. एकत्रित हिस्टोग्रामऐवजी तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायची सवय लावा.

आधी फ्रेमचे गट पाडा, दिव्यांप्रमाणे. प्रत्येक गटातली ग्रे कार्डाची फ्रेम घ्या, ज्या बाजूने चेहऱ्यावर मुख्य उजेड येतो त्या बाजूचं कार्ड, त्यावर ड्रॉपर टेकवा आणि तो आकडा सबंध गटाला द्या. फोटोगणिक ड्रॉपर मारत बसलात तर प्रत्येक फोटो वेगळा होईल. मग उरतो दुसऱ्या दिव्याचा डाग. लाइटरूममध्ये त्या गालावर मास्क काढून, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून, टेंपरेचर उलट दिशेला न्या, पण पूर्ण जुळवू नका. साधारण दोनतृतीयांश मार्गापर्यंत जा, कारण दोन्ही गाल तंतोतंत सारखे झाले की चेहरा सपाट दिसतो. निळसर बाजूला बहुतेक वेळा टेंपरेचरपेक्षा सॅच्युरेशन थोडं कमी करणं जास्त काम करतं. डार्कटेबल हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात कलर कॅलिब्रेशनचं मॉड्यूल मास्क लावून दोनदा वापरता येतं: एक खिडकीसाठी, एक दिव्यासाठी. या कामापुरतं मला ते लाइटरूमपेक्षा सरस वाटतं.

नारिंगी रंगाचा स्लायडर ओढून पिवळा गाल सुधारण्याचा मोह टाळा. आपल्या सगळ्यांच्या त्वचेचा रंग नारिंगीतच बसतो, त्यामुळे पिवळ्या दिव्याबरोबर माणसाचं तेजही निघून जातं. इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. व्हाइट बॅलन्स सुधारण्याच्या नावाखाली नवरीला थंड, गुलाबीसर करून गोरं दाखवलं जातं. चेहरा एक रंगाचा, मान आणि हात दुसऱ्या. सावळ्या मुलीचा सावळा रंग हा बिघाड नाही, आणि तो काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. तपासायला एक तटस्थ साधन आहे: व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधला व्हेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातले रंग कुठल्या दिशेला पडतात ते दाखवणारा गोल आलेख. त्यात त्वचेची म्हणून एक तिरपी रेघ असते, आणि गोरा असो की काळा, माणसाच्या त्वचेचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो. चेहरा रेघेच्या पिवळ्या-हिरव्या बाजूला किंवा लाल-जांभळ्या बाजूला किती गेलाय एवढंच बघायचं. तो रेघेपाशी असेल तर व्हाइट बॅलन्स बरोबर आहे. उजळ किती ठेवायचा तो प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर त्या माणसाकडे बघून द्यायचं.

हे सगळं करताना स्क्रीनची नाइट मोड आणि ट्रू टोनसारखी सोय बंद हवी, आणि खोलीत पिवळा बल्ब नको. डोळा दहा मिनिटांत खोलीच्या रंगाला सरावतो आणि मग चुकीचं बरोबर दिसतं. अधूनमधून ग्रे कार्डाची फ्रेम उघडून बघा.

काही फ्रेममध्ये मिश्रणच हवं असतं. मरीन ड्राइव्हवर तिन्हीसांजेला आकाश निळं आणि दिवे पिवळे, हेच तर तिथलं देखणेपण. २०१५ मध्ये तिथल्या पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले तेव्हा मुंबईकरांनी केवढी ओरड केली होती, आणि पुढे तिथे पिवळसर छटेचे दिवे परत आले. अशा ठिकाणी ३८०० ते ४२०० मध्ये थांबा, दोन्ही रंग जगू द्या, आणि फक्त चेहऱ्यापुरता अर्धी सीटीओ लावलेला छोटा फ्लॅश अगदी हळू मारा.

अल्बम लावताना समोरासमोरच्या दोन पानांवर एकाच गटाचे फोटो ठेवा. डोळा पानाला सरावतो. एक फोटो ३५०० चा आणि शेजारचा ५५०० चा आला की दोन्ही बरोबर असूनही एक चुकलेला दिसतो. निळ्या एलईडीने जी फ्रेम पार गेलेली आहे पण क्षण सोडवत नाही, ती कृष्णधवल करा, आणि ती एकटी न ठेवता तिच्या जोडीला त्याच पानावर आणखी एक कृष्णधवल द्या.